गुरुवारचा उपास आणि थँक्सगिव्हिंगची टर्की

बॉस्टनहून आग्नेयेला चाळीसएक मैलांवर, अगदी समुद्राकाठी, प्लिमथ नावाचे गाव आहे. गाव लहान, पण अमेरिकेतल्या शाळकरी पोरालाही त्याचे नाव ठाऊक. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून १०२ इंग्रज प्रवासी आले आणि त्यांनी इथे वस्ती केली. किनाऱ्यावर ग्रॅनाइटच्या खांबांच्या मंडपाखाली एक दगड जपून ठेवला आहे. त्यावर १६२० हा आकडा कोरलेला. त्याच दगडावर त्यांनी पहिले पाऊल ठेवले असे लोक मानतात. एवढ्या नावाच्या मानाने दगड लहानच, पण माणसे कठड्याला टेकून तो डोळे भरून पाहत असतात.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, बॉस्टनजवळच्या उपनगरात राहणाऱ्या माझ्या मोठ्या नणंदबाईंकडे गेले होते, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम तिथे नेले. "थँक्सगिव्हिंगला शेजारच्या आजींकडे जेवायला जायचंय. आधी हे बघ, मग ते जेवण तुला कळेल," असे वन्सं म्हणाल्या, आणि ते खरेच होते.

त्या १०२ माणसांपैकी जवळजवळ निम्मी पहिल्याच हिवाळ्यात थंडीने आणि आजाराने गेली. वाचलेल्यांना मका कसा पेरावा, मातीत मासळीचे खत कसे घालावे, हे तिथल्याच मूळच्या एका माणसाने शिकवले. १६२१ च्या शरद ऋतूत पीक हाती आले, तेव्हा त्यांनी तीन दिवस मेजवानी केली. एडवर्ड विन्स्लो याने त्या वर्षी डिसेंबरात लिहिलेले एक पत्र आहे. त्यात रानपक्ष्यांची शिकार, वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट आणि त्याच्याबरोबरची नव्वद माणसे, आणि त्या पाहुण्यांनी आणलेली पाच हरणे, एवढे सगळे आले आहे. टर्कीचे नाव मात्र त्या पत्रात नाही.

मला सगळ्यात नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. त्या हिवाळ्यातून वस्तीतल्या अवघ्या चार प्रौढ बायका वाचल्या होत्या. चार बायका, हाताशी थोड्या मोठ्या मुली, आणि पंगतीला घरची पन्नास नि बाहेरची नव्वद माणसे! तीही तीन दिवस. आपल्याकडे मुंजीला शंभर पाने उठवायची तर आठवडाभर आधीपासून छातीत धडधडते. त्या चौघींनी चुलीवर काय केले असेल ते त्याच जाणोत.

दगडासमोरच्या टेकडीला कोल्स हिल म्हणतात. तिच्यावर मॅसासॉइटचा पुतळा आहे. जवळच एका शिळेवर निराळाच मजकूर दिसतो. १९७० पासून दर थँक्सगिव्हिंगला मूळ रहिवासी आणि त्यांचे स्नेही या टेकडीवर जमतात आणि तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात. पहिल्या मेजवानीला पाच हरणे घेऊन जो पाहुणा आला, त्याच्याच मुलाला पुढे लढाई होऊन १६७६ मध्ये मारण्यात आले. त्या लोकांच्या जमिनी गेल्या. तेव्हा एकाच गावात एकाच दिवशी काही जण आभार मानतात आणि काही जण उपास करून दुःख करतात. ही दुसरी बाजू समजल्यावाचून टर्कीच्या ताटावर बसू नये, असे मला वाटले.

आता तुम्ही म्हणाल, पत्रात टर्की नाही तर ताटात आली कुठून? ही हकीगत आपल्यासारख्या साप्ताहिके वाचणाऱ्या बायकांना आवडावी अशी आहे. सारा जोसेफा हेल नावाची एक बाई होती. १८२२ मध्ये नवरा वारला, पदरी पाच मुले. पोटासाठी तिने लेखणी हाती घेतली. मेरी आणि तिच्यामागे शाळेत जाणारे कोकरू, हे जे बालगीत आपली पोरे इंग्रजीच्या तासाला घोकतात आणि मीही वर्गात शिकवत आले, ते हिचेच. १८२७ मध्ये तिने एक कादंबरी लिहिली. तिच्यात थँक्सगिव्हिंगच्या मेजाच्या अग्रभागी मसाला भरून भाजलेली टर्की मांडलेली आहे. पुढे ती बायकांच्या एका प्रसिद्ध मासिकाची चाळीस वर्षे संपादिका होती. फॅशन, पाककृती, घरकाम, सगळे त्यात असे. त्या काळी हा सण एकेक राज्य आपापल्या सोयीने पाळी. साऱ्या देशाचा एकच दिवस असावा म्हणून ही बाई १८४६ पासून अग्रलेख लिहीत राहिली, राज्यपालांना नि राष्ट्राध्यक्षांना पत्रे धाडत राहिली. सतरा वर्षांनी, १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात लिंकनने तिचे म्हणणे मानले. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हे १९४१ च्या कायद्याने पक्के झाले.

गुरुवार! इथेच आमची अडचण सुरू झाली.

२०२५ मध्ये हा चौथा गुरुवार २७ नोव्हेंबरला आला, आणि नेमका तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. काही घरी महिनाभर सामिष वर्ज्य असते, आमच्याकडे फक्त गुरुवार पाळतात. पण महालक्ष्मीचा घट, दिवसभर उपास, संध्याकाळी कहाणी नि नैवेद्य, आणि मगच जेवण, यात वन्संनी परदेशातही कधी खंड पाडलेला नाही. इकडे शेजारच्या आजी एकट्या राहतात. तीन मुले तीन गावांना, वर्षातून एकदा याच दिवशी एकत्र जमतात. त्या प्रेमाने बोलावतात आणि आम्ही जाऊन ताटाला हात लावायचा नाही, हे बरे दिसेना. न जाणे तर त्याहून वाईट.

वन्संनी सरळ जाऊन सांगितले. आजींनी सगळे नीट ऐकून घेतले. त्यांच्याकडे जेवण दरवर्षी दुपारी तीनला. त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले आणि विचारले, "सूर्य सव्वाचारला मावळतो. तुमची पूजा पाचपर्यंत होईल? मग आपण साडेपाचला बसू. टर्की थांबेल." एवढेच बोलून त्या कागदावर उलटा हिशेब मांडायला लागल्या.

तो हिशेब मी लिहून घेतला आहे. आजींची टर्की सोळा पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोची, बर्फात गोठवलेली. दर चार-पाच पौंडांना फ्रिजमध्ये एक पूर्ण दिवस, असे चार दिवस ती सुटायला लागतात. म्हणून ती रविवारीच खोल भांड्यात घालून फ्रिजच्या तळच्या कप्प्यात ठेवली होती, पाणी गळून इतर अन्नाला लागू नये म्हणून. ओट्यावर ठेवून ती कधीच सोडवत नाहीत. वरचे मांस कोमट होऊन नासू लागते आणि आत बर्फ तसाच राहतो.

गुरुवारी घट मांडून मी दहाला त्यांच्याकडे गेले. "तुम्ही पावाकडे बघा, पक्ष्याकडे मी बघते," असे म्हणून त्यांनी मला वेगळी सुरी नि वेगळी पाटी दिली. पोटात भरायच्या सारणाला इकडे स्टफिंग म्हणतात. शिळ्या पावाचे चौकोनी तुकडे, लोण्यात परतलेला कांदा आणि सेलरी, सेज नि थाइम ही वाळलेली पाने, मीठ, मिरपूड, आणि ओलावा येण्यापुरते सूप. आमच्यासाठी एका काचेच्या भांड्यात निराळे केले. त्यात कांदा नाही, मांसाचे सूप नाही. त्याऐवजी सफरचंद आणि भाज्यांचे पाणी. आपण भरल्या वांग्यात मसाला दाबून भरतो, तसे इथे करायचे नाही. पाव फुगतो, म्हणून सारण सैल भरायचे, आणि तेही भट्टीत घालायच्या अगदी आधी.

आजींनी टर्की धुतली नाही याचे मला नवल वाटले. आपण कोंबडी दहा पाण्यांनी धुणारी माणसे! पण धुताना शिंतोडे उडून त्यातले जंतू ओटाभर पसरतात, म्हणून तिथले सरकारी कृषिखातेच धुऊ नका असे सांगते. पोटातली मान नि काळीज-पेट्याची पुडी बाहेर काढली, कागदाने अंग कोरडे केले, कातडीला लोणी, मीठ, मिरपूड चोळली, सारण भरून पाय दोऱ्याने बांधले. साडेबाराला टर्की ३२५ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १६३ सेल्सिअसच्या भट्टीत गेली. सारण भरलेल्या सोळा पौंडांना चार ते सव्वाचार तास. छातीचे मांस मांडीपेक्षा लवकर शिजून कोरडे पडते, म्हणून रंग धरल्यावर छातीवर चांदीचा कागद सैल झाकला.

मधल्या वेळात क्रॅनबेरीची चटणी केली. ही लाल आंबट बोरे प्लिमथच्याच आसपासच्या दलदलीच्या मळ्यांत पिकतात. तीनेक वाट्या फळांना एक वाटी साखर, एक वाटी पाणी. उकळी आली की बोरे फटफट फुटतात आणि गार झाल्यावर मुरांब्यासारखी आळतात.

टर्की झाली की नाही हे आजी रंगावरून ठरवत नाहीत. काटेवाली उष्णतामापक सळी मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकता खुपसायची. नंतर सारणाच्या मधोमध. दोन्हीकडे १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस, दिसलेच पाहिजे. सारण सर्वांत शेवटी तापते आणि कच्च्या मांसाचा रस त्यातच मुरलेला असतो. मांस झाले आणि सारण राहिले, तर पाहुणे आजारी पडतात. हा नियम आपल्याकडेही उपयोगी. घरी छोटी भट्टी असेल तर दीड किलोची अख्खी कोंबडी १८० सेल्सिअसच्या आसपास सव्वा ते दीड तासात होते. सारण भरले तर पाव-अर्धा तास जास्त.

पावणेपाचला टर्की बाहेर निघाली. रस मुरायला तिला अर्धा तास तसेच ठेवायचे असते. तेवढ्या वेळात त्याच भट्टीत आमचे काचेचे भांडे गेले. तिकडे वन्संच्या घरी आम्ही कहाणी वाचली. म्हातारीच्या रूपाने लक्ष्मी दारी येते आणि उन्मत्त राणी तिला हाकलून देते, ती तुम्हांला पाठच असेल. दरवर्षी वाचलेली, पण चारच दिवसांपूर्वी कोल्स हिलवर उभी राहून आले होते, त्यामुळे या वेळी ती जरा निराळी ऐकू आली. दारी आलेल्याशी आपण कसे वागलो, हाच दोन्हीकडे प्रश्न.

नैवेद्याचे भोपळ्याचे घारगे डब्यात घेऊन आम्ही गेलो. तिथे मेजावर भोपळ्याचाच 'पाय' होता. नावाला हसू नका, तो एक गोड पदार्थ आहे. त्यात अंडे, म्हणून आम्ही घेतला नाही. घारगे मात्र नातवंडांनी पाच मिनिटांत संपवले.

टर्कीच्या मूळ गावाची चौकशी केली तेव्हा मोठी मौज कळली. पक्षी अमेरिका खंडातला, मेक्सिकोत माणसाळवलेला, पण इंग्रजांनी त्याला तुर्कांचा ठरवले. खुद्द तुर्कस्तानात त्याला 'हिंदी' म्हणतात. डच लोक तर आपल्या कालिकतच्या नावाने हाक मारतात! जहांगीर बादशहाच्या दरबारी तो १६१२ मध्ये आपल्या गोव्याहून गेला. बादशहाच्या सांगण्यावरून मन्सूर या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. म्हणजे मेजवानीवर अमेरिकेचा शिक्का बसण्याआधीच हा पाहुणा आपल्याकडे येऊन गेला होता.

जेवणाआधी प्रत्येकाने एकेकाचे आभार मानायचे असतात. आपल्याकडे घरच्यांचे आभार मानायची रीत नाही, परके वाटते. पण आजींचा मोठा मुलगा म्हणाला, "आईने रविवारपासून केलं, त्याबद्दल," आणि जेवण झाल्यावर सगळी भांडी त्यानेच घासली. ही रीत उचलायला हरकत नाही असे मला वाटते. आभार शब्दांनी नाही मानले तरी चालेल.

उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले. सांगाडा दुसऱ्या दिवशीच्या सुपासाठी ठेवला. निघताना आजींनी आमच्या घारग्यांच्या रिकाम्या डब्यात टर्कीचे चार तुकडे, वर थोडी चटणी, असे भरून दिले. झाकणावर त्यांनी चिकटपट्टी लावून लिहिले होते, "शुक्रवार".