व्हिसा लागत नाही, पण कागद लागतो

नेपाळला जायला काय लागते, असे कुणी विचारले की मी वर्षानुवर्षे एकच उत्तर देत असे, "काही लागत नाही. ना पासपोर्ट, ना व्हिसा. पिशवी उचलायची आणि निघायचे." हे उत्तर खोटे नव्हते, पण अर्धे होते. अर्ध्या शिफारशीने काय होते ते आम्हा शेती खात्यातल्या माणसांना चांगले ठाऊक असते. औषधाचे नाव सांगितले आणि पाण्याचे प्रमाण सांगायचे राहिले, तर पीक करपते. माझ्या हातून तसेच झाले. ते मोकळेपणाने सांगावे म्हणून हा लेख.

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. ज्वारी पेरून झाली होती, हरभरा उगवून वर आला होता. आठ-दहा दिवस सवड होती. पारावर बसल्या बसल्या पशुपतिनाथाचा बेत ठरला. आम्ही दोघे, शेजारचे एक जोडपे, दादा आणि दादांची आई, अशी सहा माणसे. दादा बावन्न वर्षांचे, कोरडवाहू शेतकरी. आईला सारा गाव आक्का म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. आक्का आणि त्यांचे मालक यांनी मिळून पशुपतिनाथाच्या दर्शनाचा नवस बोलला होता. मालक गेले, नवस राहिला. दादांना तो फेडायचा होता. म्हशीचे दिवस भरत आल्यामुळे दादांची मंडळी घरीच राहिली.

मनमाडला गाडीत बसलो आणि भुसावळ, खंडवा, इटारसी करीत दुसऱ्या दिवशी गोरखपूरला उतरलो. गोरखनाथांचे मंदिर पाहिले. नवनाथांची पोथी लावणाऱ्या आपल्या घरांना या नावाची ओळख करून द्यायला नको. गोरक्षनाथांपासून गहिनीनाथ, त्यांच्यापासून निवृत्तिनाथ आणि मग ज्ञानदेव, अशी ही परंपरा. आक्कांनी देवळाच्या पायरीची धूळ कपाळाला लावली.

तेथून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर सोनौली. भारताचे हे शेवटचे गाव. मला वाटले होते, दोन देशांची सीमा म्हणजे काही डोंगर, नदी असेल. तसे काही नाही. एक गजबजलेला रस्ता, मालमोटारींची लांबच लांब रांग, आणि पुढे एक कमान. कमानीच्या अलीकडे भात, पलीकडेही भात. बोली दोन्हीकडे भोजपुरी. पलीकडे गेले की घड्याळ मात्र पंधरा मिनिटे पुढे करायचे, कारण नेपाळची वेळ आपल्या पुढे आहे.

३१ जुलै १९५० रोजी दोन्ही देशांत मैत्रीचा करार झाला. त्यात एकमेकांच्या नागरिकांना ये-जा करण्याची, राहण्याची, व्यापार करण्याची मोकळीक दिलेली आहे. म्हणून भारतीयाला नेपाळात व्हिसा लागत नाही. परंतु तुम्ही भारतीय आहात, हे दाखवणारा कागद हवाच, आणि ही दुसरी अर्धी गोष्ट मी पारावर सांगितलीच नव्हती.

तपासणीच्या टेबलापाशी कागद मागितले. आम्हा दोघांचे पासपोर्ट होते. शेजाऱ्यांची मतदान कार्डे पाकिटात होती, कारण नुकतीच ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन गेली होती. आक्कांनी आधार कार्ड पुढे केले. वय पाहून ते चालले. मग दादांनी आधार दिले, पॅन कार्ड दिले, शेवटी बँकेचे पासबुकही काढले. टेबलावरचे गृहस्थ समजुतीने बोलले, पण मान हलवून. आधार कार्ड हे राहण्याचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. पंधरा वर्षांच्या आतील आणि पासष्ट वर्षांच्या वरील माणसाला ते चालते. मधल्या वयाला पासपोर्ट नाही तर मतदान कार्ड पाहिजे.

दादांचे मतदान कार्ड गावी ट्रंकेत होते. मत देऊन आल्यावर त्यांनी ते नीट जपून ठेवले होते! मुलाला फोन केला. त्याने कार्डाचा फोटो पाठवला. तो दाखवला, तर उत्तर आले, "अस्सल कार्ड पाहिजे." यात त्यांची काही चूक नव्हती. चूक माझी होती.

आम्ही सहाही जण रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. शेजारी म्हणाले, "साहेब, सगळेच परत फिरू." मला दादांच्या तोंडाकडे बघवेना. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचेच जास्त लागले. शेवटी आक्काच म्हणाल्या, "तू हितंच थांब. तुझ्या वाटणीचा देव मी बघून येते." दादांनी आईची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. "औषधाची पुडी वरच्या कप्प्यात आहे," एवढेच सांगितले आणि वळून चालू लागले.

कमानीपलीकडे आक्का दोनदा मागे वळून पाहत होत्या.

भैरहवा मागे टाकून तासाभरात आम्ही लुंबिनीला पोहोचलो. गौतम बुद्धांचे हे जन्मस्थान. मायादेवीचे मंदिर, पुष्करिणी, आणि शेजारी सम्राट अशोकाने उभा केलेला दगडी स्तंभ. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक स्वतः येथे आला, असे स्तंभावर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. पुढचे वाक्य शेतकऱ्याने मुद्दाम ऐकावे असे आहे. लुंबिनी गावाचा 'बली' नावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा वाटा आठवा हिस्सा ठरवला, असे त्यात म्हटले आहे. मी ते आक्कांना समजावून सांगितले. त्या बराच वेळ स्तंभाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "राजा देवाला आला आणि सारा कमी करून गेला. हे दादाला सांगायला पाहिजे."

काठमांडूला बागमतीच्या काठी पशुपतिनाथाचे दर्शन झाले. आक्कांनी दोन नारळ वाहिले. एक मालकांच्या नावाचा, एक दादांच्या. सौ.ने विचारले, "आणि तुमच्या नावाचा?" त्या म्हणाल्या, "मी सोता आलेय की!"

परत सोनौलीला आलो तेव्हा दादा कमानीच्या अलीकडे उभे होते. पाच दिवस ते एका साध्या लॉजमध्ये राहिले होते. मला वाटले होते, माणूस रागावलेला असेल. पण आईच्या पाया पडून, प्रसाद तोंडात टाकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मसुरीचा. रिकामपणात त्यांनी आसपासची शेते पालथी घातली होती. उभ्या भातात, कापणीच्या आधी, ओल असतानाच मसूर फेकून पेरतात. भात निघतो तेव्हा मसूर उगवून आलेली असते. नांगरट नाही, पाणी नाही. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया भागात लाखोळीची 'उतेरा' पेरणी करतात, तीच ही रीत. दादा म्हणाले, "पलीकडनं मूठभर बी आणलं असतं तर?" मी हात जोडले. बियाणे, रोप, माती विनापरवाना सीमेपलीकडून आणू नये. त्यातून नवी कीड, नवा रोग घरात येतो. "म्हणजे बियालाबी कागद लागतो म्हणा," असे म्हणून दादा हसले. त्या हसण्याने माझ्या मनावरचा अर्धा भार उतरला. अर्धा अजून आहे.

तेव्हा वाचकहो, तुम्ही निघाल तर एवढे लक्षात ठेवा.

नेपाळसाठी प्रत्येक प्रौढ माणसाने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवावे, तेही अस्सल. पुष्कळ जण विनातपासणी पलीकडे जाऊन येतात, त्यांच्या गप्पांवर विसंबू नये. विमानाने जाणार असाल तर तपासणी हटकून होते. पासष्टच्या वरच्यांना आणि पंधराच्या आतल्यांना वय व ओळख पटवणारे फोटोचे कार्ड चालते, जसे आधार. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठरावीक नमुन्यातील दाखला घ्यावा. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर बाकीच्यांना फोटोचा दुसरा पुरावा आणि नाते दाखवणारा कागद चालतो. आक्कांचे मतदान कार्ड बरोबर असते, तर कदाचित दादांचाही मार्ग निघाला असता.

पैशाचे म्हणाल तर आपल्या शंभर रुपयांना नेपाळचे एकशे साठ रुपये, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. मोठ्या नोटांचे नियम मधूनमधून बदलतात. आम्ही गेलो तेव्हा शंभराच्या वरची भारतीय नोट तेथे चालत नव्हती. निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. स्वतःची गाडी नेल्यास सीमेवर 'भन्सार', म्हणजे जकात भरून परवाना घ्यावा लागतो.

भूतानलाही आपल्याला व्हिसा नाही, पण परवाना काढावा लागतो. तेथेही पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच पाहिजे, शिवाय सप्टेंबर २०२२ पासून माणशी दर रात्रीला बाराशे रुपये शुल्क आहे. मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही आहेत. तेथे फिरायला जाणाऱ्या भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मात्र पासपोर्ट तर लागतोच, शिवाय परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चाचे पैसे दाखवावे लागतात. व्हिसा नाही म्हणजे दार उघडे आहे एवढेच. उंबऱ्यावर ओळख सांगावीच लागते.

आणि एक काम आजच करा. ट्रंक उघडून घरातल्या सगळ्यांची मतदान कार्डे बाहेर काढा. त्यांवरचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, वय आधारशी ताडून पाहा. चूक असल्यास गावच्या बीएलओकडे आठ नंबरचा अर्ज भरून द्या. कार्ड हरवले असेल तरी तोच अर्ज. नाव यादीतच नसेल तर सहा नंबरचा.

दादांनी परवा मला कार्ड दाखवले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ते आता खिशातच ठेवतात. येत्या कार्तिकात आम्ही दोघेच जाणार आहोत. आक्का म्हणतात, "जावा. पण त्यो राजाचा खांब आधी दाखवा त्याला."