सुएझच्या पूर्वेला

संपादकांनी विचारलं, ब्रिटनचं साम्राज्य नेमकं संपलं कधी, यावर लिहाल का? युद्धोत्तर ब्रिटनचा इतिहास शिकवण्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. व्याख्यानानंतर श्रोते हेच विचारतात आणि उत्तरही तेच देतात : १९५६, सुएझ. मला ते कधीच पटलेलं नाही.

सुएझमध्ये नाचक्की झाली, हे खरंच. इजिप्तच्या नासरनी कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, ब्रिटन-फ्रान्सनं इस्रायलशी गुपचूप संगनमत करून फौजा उतरवल्या, अमेरिकेनं पौंडाच्या नाड्या आवळल्या आणि पंतप्रधान ईडनना हात हलवत परतावं लागलं. पण १९६१ साली ब्रिटिश फौज कुवेतला गेलीच ना? बोर्निओच्या जंगलात ती १९६६पर्यंत इंडोनेशियाशी लढत होती. सिंगापूरचा तळही शाबूत होता. खरा कणा मोडला तो हिशेबाच्या वहीत. नोव्हेंबर १९६७मध्ये पौंडाचा दर २.८० डॉलरवरून २.४०वर आणावा लागला आणि १६ जानेवारी १९६८ला पंतप्रधान विल्सननी संसदेत जाहीर केलं, की १९७१ अखेर सिंगापूर, मलेशिया आणि आखातातून सैन्य माघारी येईल. ही तारीख कुणाला माहीत नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र याच तारखेवर माझीही गाडी अडते. निघायची तयारी चालू असतानाच, नोव्हेंबर १९६५मध्ये, ब्रिटननं हिंदी महासागरात चक्क एक नवी वसाहत निर्माण केली. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी ३० लाख पौंडांच्या मोबदल्यात छागोस बेटं त्यापासून तोडली. त्यांतलं दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला तळासाठी दिलं. बदल्यात पोलॅरिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट घेतली. तिथली माणसं १९७३पर्यंत हलवली. कागदोपत्री ती ‘कंत्राटी मजूर’ ठरली. हा शब्द महत्त्वाचा आहे : कायमची प्रजा नाही म्हटलं, की संयुक्त राष्ट्रांना त्या वसाहतीचा जाब देणं टळतं. २००० साली लंडनच्या न्यायालयानं विस्थापितांच्या बाजूनं कौल दिला. सरकारनं २००४मध्ये संसदेला वळसा घालून, राणीच्या विशेषाधिकारातल्या हुकुमानं तो निष्प्रभ केला, आणि २००८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सनं तीन विरुद्ध दोन मतांनी तो हुकूम उचलून धरला.

पुढे २०१९मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ही फाळणी बेकायदा ठरवली. त्या पीठावर ब्रिटिश न्यायाधीश नव्हता. १९४६नंतर असं प्रथमच घडत होतं. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत याच प्रश्नावर ब्रिटनच्या बाजूनं जेमतेम सहा मतं पडली, त्यांतलं एक त्याचं स्वतःचं. युरोपीय संघातून बाहेर पडायला निघालेल्या ब्रिटनला फ्रान्स-जर्मनीनंही मत दिलं नाही.

२२ मे २०२५ला करार झाला : सार्वभौमत्व मॉरिशसचं, तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. त्या पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायकांनी न्यायालयाकडून मनाई मिळवली होती. दुपारपर्यंत ती उठली आणि सह्या झाल्या. तो दिवस माझ्या मनातून जात नाही. करारानुसार मॉरिशसला इतर बेटांवर वस्ती करता येईल, दिएगो गार्सियावर नाही.