पद्मिनी हाती घेणाऱ्या सुनेसाठी



मागचा लेख वर्षाच्या डाळी साठवण्यावर होता, आजचा दारातल्या गाडीवर आहे. गाडी म्हणजेही घरातलीच एक वस्तू. तिलाही ऊन-वारा, पाणी, साफसफाई सगळं बघावं लागतं.

आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. त्या हिशेबाने यंदा पुन्हा आमची पाळी आहे. हे गेल्यापासून चार वर्षं गाडी मीच चालवते, पण आता माझा डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरतो. नोंदणी, पर्यावरण कर, विमा, नवे टायर असा खर्च वहीत मांडल्यावर मी घरात सांगून टाकलं, "चालवणारं कोणी असेल तरच हा खर्च करायचा. नुसती झाकून ठेवायला गाडी नको." त्यावर धाकटी सून म्हणाली, "आई, मी चालवते ना!"

तिला गाडी येते. पुण्यात क्लास लावून शिकली, लायसन्स आहे, हात हलका आहे. पण ती शिकली ती नव्या गाडीवर. तिथे स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, ब्रेकला मशीनची मदत असते, इंजिन स्वतःच ठरवतं किती पेट्रोल घ्यायचं ते. पद्मिनी यातलं काहीही करत नाही. ते सगळं आपण करायचं. म्हणून तिला एकेक सांगत गेले, तेच इथे लिहिते. कोणाच्या घरी सासऱ्यांची किंवा वडिलांची जुनी फियाट असेल तर उपयोगी पडेल.

आधी थोडी ओळख. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी सुरू केली. ते सोलापूरच्या दिगंबर जैन घरातले, म्हणून आमच्या घरात या गाडीचा जरा जास्तच अभिमान! कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. मूळ गाडी इटलीची फियाट ११००, आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. इंजिन १०८९ सीसीचं, आणि ओढ मागच्या चाकांना.

आता चालवण्याचं. सकाळी गाडी थंड असताना चोक ओढायचा, ॲक्सिलरेटरला पाय न लावता सेल मारायचा. सुरू झाली की चोक हळूहळू आत ढकलायचा. विसरलं तर पेट्रोल जास्त जातं, काळा धूर येतो. सुरू होत नाही म्हणून ॲक्सिलरेटर फटाफट दाबला तर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. मग दहा मिनिटं शांत बसणं हाच उपाय.

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला. सूनबाईचा हात पहिले दोन दिवस सवयीने खाली सीटजवळ जायचा. तिला इंजिन बंद ठेवून अंगणातच अर्धा तास गिअर टाकायला लावले, खाली न बघता. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. दांडा ओढायचा नाही, नुसता न्यायचा. आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवू नये, हातालाही जड आणि टायरलाही वाईट. गाडी किंचित सरकू लागली की तेच स्टिअरिंग हलकं होतं. पार्किंग करताना हे फार कामाला येतं.

सगळ्यात जास्त वेळ मी ब्रेकवर घालवला. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पाय जोरात दाबावा लागतो. थांबायला ती नव्या गाडीपेक्षा जास्त रस्ता घेते. इथे मी कॉमर्सवाली झाले आणि तिला गणितच घातलं. ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ६० ला जवळजवळ १७. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद गेला. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. म्हणून पुढच्या गाडीने एखादं झाड ओलांडलं की "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायचं. आपण त्या झाडाशी येईपर्यंत चार आकडे झाले पाहिजेत. मध्ये कोणी स्कूटरवाला घुसला तर घुसू दे, आपण पुन्हा मागे राहायचं.

आपल्या मुनिमहाराजांच्या पाच समितींमध्ये पहिली ईर्या समिती. उजेडात, वापरातल्या वाटेने, पुढची चार हात जमीन निरखत चालायचं, कोणा जीवावर पाय पडू नये म्हणून. सूनबाई म्हणाली, "आई, गाडीला चार हात कसे पुरतील?" बरोबरच आहे. पायी चालणाऱ्याला चार हात पुरतात, कारण तो तेवढ्यात थांबू शकतो. आपली गाडी जेवढ्यात थांबते, तेवढा रस्ता आपल्याला स्वच्छ दिसला पाहिजे. दिसत नसेल तर वेग कमी. रस्त्यावर पसरलेली कुत्री, शाळेतून सुटलेली मुलं, उसाच्या ट्रॉल्या, सगळ्यांना हे एकच लागू. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, तेव्हा अंधारात तर नकोच. या गाडीचे हेडलाइटही मिणमिणते. सूर्यास्ताआधी जेवायला घरी यायची आपली सवय आहे, तीच गाडीलाही लावली.

घाटाचं. आंबा घाटातून कोकणात उतरताना हे सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर ड्रम तापतात आणि नेमक्या वेळी पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. न्यूट्रलमध्ये उतरणं तर कधीच नाही. पावसात पाण्यातून गाडी काढली की पुढे मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून ड्रम वाळवून घ्यायचे.

उन्हाळ्यात काट्यावर लक्ष. काटा लालकडे चालला की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका, वाफेने हात-तोंड भाजतं. पुरतं निवल्यावरच पाणी घाला. भर दुपारी काटा ठीक असूनही गाडी बंद पडली, तर बहुधा पेट्रोलची पाइपमध्येच वाफ झालेली असते. इंजिनशेजारच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून थांबलं की चालू होते. डिकीत दोन बाटल्या पाणी, फडकं आणि एक जादा फॅनबेल्ट कायम असतो.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या, त्या फुगतात, चिरतात. मी सगळ्या नळ्या बदलून घेतल्या, आणि तरी नियम हाच, पेट्रोलचा वास आला की सेल मारायचा नाही, आधी बॉनेट उघडायचं. आग विझवायचा छोटा सिलिंडर सीटखाली आहे. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुन्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. नक्षी बघू नका, वर्ष बघा.

एवढं सगळं शिकल्यावर सूनबाईने विचारलं, "मग रविवारी पिल्लूला घेऊन बाहुबलीला जाऊ?" नातू दोन वर्षांचा आहे. मी नाही म्हटलं. तिला वाईट वाटलं, थोडं मलाही वाटलं, कारण तिचा नवरा याच सीटवर झोपून मोठा झाला. पण तेव्हा आपल्यापुढे दुसरी गाडी नव्हती. आज घरात मुलाची नवी गाडी आहे. पद्मिनीला पुढचे पट्टे आम्ही नंतर बसवले, मागे पट्टे नाहीत, एअरबॅग नाही, लहान मुलाची सीट घट्ट बांधायला जागा नाही. आपण कितीही सावकाश चालवली तरी मागून येणाऱ्या ट्रकचा ब्रेक आपल्या हातात नसतो. गाडीवर प्रेम आहे म्हणून तिच्याकडून जमणार नाही ते मागू नये.

तेव्हा असं ठरलं आहे. गावातला बाजार, मंदिर, माझा दवाखाना, उजेडात, हायवे सोडून, आणि पुढे दोघीच. निदान आठवड्यातून एकदा गाडी निघालीच पाहिजे, बॅटरी आणि ब्रेक दोन्ही बरे राहतात. दोन महिने मी शेजारी बसणार, नंतर ती एकटी. पेट्रोल, किलोमीटर, काय दुरुस्त केलं, हे लिहायची माझी वही तिच्याकडे दिली आहे. पहिल्या पानावर तिने स्वतःच लिहिलं, "टायर २०२५, पुढचे २०३१."

नोंदणीचा अर्ज या आठवड्यात भरते आहे. तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि मुलगी-सून चालवू म्हणत असेल, तर तिला नाही म्हणू नका. फक्त पहिले दोन महिने तुम्ही शेजारी बसा.