आजोबांचं धोतर

चांदीपमध्ये डायपर सुटा मिळतो. विरारजवळच्या शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलं की मांडवीपुढे हे गाव लागतं. तिथल्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळेशेजारी डायपरचीही माळ टांगलेली होती. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई आली. "एकच द्या, डोस द्यायला विरारला जायचंय," म्हणाली. दुकानदाराने माळेतून एक तोडून दिला आणि ती रिक्षात बसून गेलीसुद्धा.

मी निघाले होते बाळंतिणीला भेटायला. माझी भाची माहेरी आली आहे. पोहोचल्या पोहोचल्या तिने विचारलं, "मावशी, तूच सांग, लंगोट की डायपर?" तिची आई लंगोटाच्या बाजूची, वहिनी डायपरच्या. तिसरा पक्ष भाचीच्या मोबाइलमध्ये: बटणांचे, रंगीत, आत पॅड घालायचे कापडी डायपर. मुंबईच्या पल्लवी उतगी यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'सुपरबॉटम्स'चे फोटो ती मला सरकवून सरकवून दाखवत होती. दिसायला गोड आहेत. जाहिरातीत डायपरवर ओततात ते निळं पाणी मात्र मला कधीच आवडलं नाही. कुठल्या बाळाला निळं होतं?

मी उत्तर दिलं नाही. मला आजोळचा पाऊस आठवायला लागला.

आजोळी बाळासाठी नवं कापड आणणं म्हणजे अपशकुनाच्या जवळपास जाणारा उधळेपणा. लंगोट व्हायचे आजोबांच्या धोतराचे आणि दुपटी आजीच्या लुगड्याची. धोतर धोब्याच्या दगडावर इतकी वर्षं आपटलेलं असायचं, की त्यात कडकपणा नावाला उरत नसे. आजी ते कात्रीने कापत नसे. काठाजवळ दाताने चीर द्यायची आणि टर्रकन फाडायची. धाग्याच्या रेषेत फाडलं की कड सरळ येते. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. एका लुगड्यात एका बाळाची सोय होऊन शेजारच्या बाळंतिणीलाही चार तुकडे जायचे. दीर्घायुषी माणसाचं जुनं कापड पोराच्या अंगाला लागावं, अशी समजूत होती. ते सुती होतं, मऊ होतं आणि पाणी पटकन पीत होतं, हे कुणी वेगळं सांगायचं नाही.

खरी परीक्षा आषाढात. चार दिवस सूर्य नाही, ओटीवर दोऱ्याच दोऱ्या, त्यावर चिंब लंगोट, आणि बाळ काही थांबत नाही. मग मागच्या पडवीत शेगडी यायची. निखारे फुलवून त्यांवर कोंबड्यांचं डालगं पालथं घालायचं, डालग्यावर लंगोट पसरायचे आणि निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि चिमूटभर धूप टाकायचा. लंगोट उलटेपालटे करायला माझी मामी बसायची. डोळे धुराने लाल, पदर नाकाला. जरा लक्ष चुकलं की एखादा करपायचा आणि आजी आतून ओरडायची. तिन्हीसांजेला दोरीवर एकही तान्ह्याचा कपडा राहता कामा नये, म्हणून दिवेलागणीच्या आधी पुन्हा धावपळ. त्या वासाचं कौतुक पुढे घरातल्या सगळ्यांनी केलं, मीही केलं. मामीने कधीच केलं नाही.

धोतराची ही परंपरा डायपरने मोडली असं सगळे धरून चालतात. मला तसं वाटत नाही. पॅम्पर्स अमेरिकेत १९६१ मध्ये आला. आपल्या दुकानात अशा माळा लागायला पुढे कितीतरी वर्षं गेली. त्याआधीच आजोबांच्या पिढीबरोबर धोतर गेलं, टेरिकॉटची पँट आली, आईच्या अंगावर नायलॉनची, पॉलिएस्टरची साडी आली. पॉलिएस्टरचा लंगोट करून बघा, सगळं पाणी मांडीवरून खाली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणगावात कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुती कापड विणणारे कितीतरी हात पुढे नालासोपारा-विरारच्या चाळींत राहायला आले. त्यांच्या नातवंडांना आता डायपर लागतात. घरात फाडायला जुनं धोतरच नाही, तर लंगोट येणार कुठून? विकत आणावा लागतो, आणि विकतच आणायचा तर डायपर का नको, असा हिशेब होतोच.

हिशेब पर्यावरणाचाही मांडून झाला आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये अभ्यास करून सांगितलं की एका मुलामागे अडीच वर्षांत फेकायच्या डायपरांचा कार्बनभार सुमारे ५५० किलो आणि कापडी डायपरांचा सुमारे ५७०. सारखेच झाले की! पण मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरलं, तर कापडाचा भार बराच उतरतो. म्हणजे माझ्या आजीचीच रीत, मशीन आणि शेगडी सोडून.

पाण्याचं मात्र आपल्याकडे वेगळंच. वैतरणेला मिळणारी इथली तानसा वर शहापूर तालुक्यात अडवली आहे. ते धरण १८९२ चं, आणि त्याचं पाणी जातं मुंबईला. मुंबईची वॉशिंग मशीन तानसेवर फिरते आणि वसई-विरारच्या कितीतरी सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. टँकरच्या पाण्यात रोजचे लंगोट पिळायला तिथल्या सुनांना कुणी सांगावं?

आणि डायपर टाकायचा कुठे? घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं की बनवणाऱ्याने तो गुंडाळायला पिशवी द्यावी. पुण्याच्या 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायकांनी २०१३ मध्येच, डायपरसारखेच हाती येणारे वापरलेले सॅनिटरी नॅपकिन बांधून थेट कंपन्यांकडे परत पाठवले होते. उघड्या हाताने दुसऱ्याची घाण निवडणाऱ्या बाईने याहून नेमकं पत्र काय लिहावं? गावात तर डायपर ओढ्याकाठी पडतो किंवा पेटवला जातो, आणि भिजलेला डायपर पेटत नाही, नुसता धुमसतो.

भाचीला मी शेवटी एवढंच विचारलं, "धुणार कोण?" आई गप्प, वहिनी गप्प. जावई मोबाइल बघत होते, त्यांनी मान वर केली. घरी लंगोट आणि विरारला जाताना सुटा डायपर, हा दुकानातल्या त्या बाईचा तोडगा मला पसंत आहे. पण निवाडा धुणाऱ्याचा. कापडाचा आग्रह ज्याला धरायचा असेल, त्याने आधी बादली उचलावी. मग तो आजी असो, बाप असो, की लेख लिहिणारी मावशी.