नदी, नॉमिनी आणि मी

पाण्याशी माझा संबंध बादलीपुरता. बादलीबाहेरच्या पाण्याने आजवर माझे काही वाकडे केले नाही आणि मीही त्याची कधी खोडी काढली नाही. बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे. काउंटरच्या कोरड्या बाजूला बसून लोकांची कर्जे बुडताना पाहणे, एवढाच काय तो माझा बुडण्याचा अनुभव.

असे सगळे सुरळीत चालले असताना एलएफसीचा ब्लॉक संपत आला. एलएफसी म्हणजे आम्हा बँकवाल्यांना सहकुटुंब हिंडण्यासाठी मिळणारे प्रवासभाडे. सुज्ञ माणूस ते हिंडण्यात घालवत नाही, रोख घेतो. मागच्या खेपेला आमची एलएफसी फ्रिज होऊन घरात आली, त्याच्या आधी कपाट होऊन. या वेळी मात्र कॉलेजात जाणाऱ्या कन्येने जाहीर केले, "बाबा, या वेळी वस्तू नको. ऋषीकेशला जायचं, राफ्टिंगला."

मी यातले फक्त ऋषीकेश ऐकले. गंगा, संध्याकाळची आरती, घाटावर बसून गरम जिलबी. मी ताबडतोब मंजुरी देऊन टाकली. पूर्ण कागद न वाचता सही करू नये, हे मला बँकेने शिकवले होते. पण घरी आले की बँकेचे शिक्षण मी चपलांबरोबर बाहेर ठेवतो.

राफ्टिंग म्हणजे काय, ते जेवताना कळले. रबरी नावेत हवा भरायची, तीत सात-आठ शहाण्या माणसांना काठावर बसवायचे (नावेच्या काठावर, नदीच्या नव्हे!) आणि शिवपुरीहून ऋषीकेशपर्यंत सोळा किलोमीटर गंगेच्या खळाळातून सोडून द्यायचे. वर त्याचे पैसे आपणच भरायचे.

मी बी. कॉम. असल्यामुळे लगेच स्वस्तातला पर्याय मांडला. आपले कोलाड काय वाईट आहे? कुंडलिका नदी घरची. शिवाय ती अत्यंत शिस्तीची. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सोडतात, तेव्हा सकाळी नदीला जोर येतो आणि नावा निघतात. म्हणजे ठरल्या वेळी उघडणारी आणि ठरल्या वेळी बंद होणारी नदी! अशा नदीबद्दल मला सहकाऱ्यासारखा जिव्हाळा वाटतो. पण एलएफसीत हरिद्वारपर्यंतचे भाडे बसत असताना कोलाडला जाणे हा भाड्याचा अपमान आहे, असे सौभाग्यवतींनी सुनावले. माझेच शिक्षण माझ्यावर उलटले.

मग मी अभ्यासाला लागलो. नदीतल्या खळाळांना एक ते सहा अशा श्रेणी असतात. एक म्हणजे नुसती लाडीगोडी. सहा म्हणजे तिथे जाऊच नये. आमच्याकडे ऑफिसरांच्या स्केल एक ते सात आहेत आणि अनुभव तोच आहे. शिवपुरीखालचे पाणी साधारण स्केल तीनपर्यंतचे, म्हणजे आमच्या शाखेच्या मॅनेजरएवढे. ते ओरडते खूप, पण माणूस बहुधा वाचतो. जुलै-ऑगस्टात गंगेला पूर असतो, त्यामुळे राफ्टिंग बंदच. म्हणून मार्च ठरला.

तिथल्या खळाळांना नावेही आहेत. एकाचे नाव 'रोलर कोस्टर', एकाचे 'गोल्फ कोर्स'. इथवर मी धीर धरला. पण एकाचे नाव 'रिटर्न टू सेंडर' निघाले! आयुष्यभर न वटलेले चेक मी ज्याने पाठवले त्याच्याकडे परत करत आलो. आता माझ्या बाबतीत पाठवणारा कोण आणि परत करायचे कुठे, या विचाराने मला रात्री झोप लागेना.

रविवारी कन्येने दिवाणावर रंगीत तालीम घेतली. मला केरसुणी, हिला क्रिकेटची बॅट. "फॉरवर्ड!" म्हटले की वल्हवायचे, "स्टॉप!" म्हटले की थांबायचे. नावेतून पडलात तर उताणे तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला, आणि काही झाले तरी उभे राहायला जायचे नाही. दगडांत पाय अडकतो. एवढ्यात मी उशीसह खाली पडलो आणि सवयीने उभा राहिलो. "बाबा, तुम्ही गेलात," कन्या शांतपणे म्हणाली. हिने मात्र पडल्या पडल्या पाय बरोबर पुढे केले.

"तुला कसं जमलं?"

"अहो, मला पोहता येतं. पाठीला डबा बांधून विहिरीत टाकलं होतं आजोबांनी."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही मला कधी पाण्याजवळ नेलंत?"

बावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न अनुत्तरित ठेवून मी कागदपत्रांकडे वळलो. राफ्टिंगवाल्यांचा फॉर्म आला होता. सर्व जोखीम मी स्वखुशीने पत्करीत आहे, वगैरे. रोज लोकांना "इथे सही करा, वाचायचं काही नाही" म्हणणाऱ्या मी तो तीनदा वाचला. वाचता वाचता एकदम आठवले, आपल्या खात्याला नॉमिनी कोण? १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, हे मी शेकडो खातेदारांना समजावले आहे. नॉमिनी नसला की मागे राहिलेली माणसे कागद घेऊन कशा खेपा घालतात, तेही पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी शाखेत सर्व्हर चालू असल्याची दुर्मिळ वेळ साधून स्वतःचे खाते उघडले. नॉमिनी : आई.

आईला जाऊन अकरा वर्षे झाली.

मी बराच वेळ स्क्रीनकडे पाहत बसलो. समोरचे आजोबा पासबुक पुढे सरकवून म्हणाले, "मशीन बंद आहे का?" मी म्हटले, "नाही, मीच."

संध्याकाळी फॉर्म घरी आणला आणि हिच्यापुढे ठेवला. तिने वाचला.

"आणि माझ्या खात्याला कोण आहे?"

"कोण?"

"तुम्ही. लग्नाला पंधरा दिवस झाले नव्हते, तेव्हा तुम्हीच फॉर्म आणून सही घेतलीत. वाचायचं काही नाही म्हणालात."

एवढे बोलून ती चहा टाकायला उठली. हिशेब तिथेच मिटवायची तिची पद्धत आहे. मी व्याज लावतो.

राफ्टिंगवाल्यांच्या फॉर्ममध्ये एकच रकाना राहिला होता : आणीबाणीत कोणाला कळवावे. मी हिचे नाव लिहिले. कन्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "अहो बाबा, आई तर नावेत तुमच्या शेजारीच असणार. इथे काठावरच्या माणसाचं नाव हवं."

मी खोडले नाही. खाडाखोड केलेला फॉर्म आम्ही घेत नाही.