आमच्या मोटारीचे दुखणे

माणसांच्या दुखण्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मोटारीच्या दुखण्याविषयी कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मला लिहावयाचे आहे ते अशाच एका दुखण्याविषयी, आणि लिहिताना थोडी लाजही वाटते. ती का, हे वाचकांना पुढे कळेलच.

२००४ साली मी नववीत होतो. इब्रामपूरला आमचे घर, मागे नारळी-पोफळीची लहानशी बाग, आणि दारात वडिलांनी कोणाकडून तरी जुनी म्हणून विकत घेतलेली पेट्रोलची मोटार. ती चैनीसाठी नव्हती. दर शुक्रवारी वडील तीत नारळ, सुपारी, भाजी भरीत आणि चांदेल, कासारवर्णे, धारगळ करीत, कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाचा बाजार गाठीत. शेजारी आजी बसे. तिच्या पायाची न भरणारी जखम त्याच दिवशी म्हापशास डॉक्टरांना दाखवावयाची असे.

श्रावणात या मोटारीला खोकला जडला. घरून निघताना ती अगदी शहाण्यासारखी चाले. चांदेलच्या पुढे चढण लागली की एकदम आचका देई, सावरे, पुन्हा दोन आचके देई, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला मुकाट्याने उभी राही. दहा-पंधरा मिनिटे गेली की जणू काही घडलेच नाही अशी पुन्हा सुरू! पण तोवर बाजारातली मोक्याची जागा गेलेली असे, आणि एकदा तर डॉक्टरही निघून गेलेले. वडिलांनी प्लग बदलून घेतले, कार्ब्युरेटर दोनदा साफ करविला. पैसे गेले, खोकला राहिला. “मिस्त्री लबाड आहे, मुद्दाम काम शिल्लक ठेवतो,” असे ते घरात बोलू लागले. त्या वर्षी चतुर्थी १८ सप्टेंबरला, शनिवारी होती. म्हणजे आदला शुक्रवार माटोळीच्या बाजाराचा. वर्षातला एवढा मोठा बाजार हुकला तर गाडीच विकून टाकीन, असा वडिलांचा निश्चय झाला.

बुधवारी संध्याकाळी मिस्त्री स्वतः घरी आला. या वेळी त्याने बॉनेट उघडलेच नाही. पडवीत बसून, वैद्याने नाडी पाहावी तसे तो प्रश्न विचारू लागला. सुरू होताना त्रास देते का? नाही. सपाटीवर? क्वचित. टाकी भरलेली असताना अधिक, की अर्धी असताना? वडील विचारात पडले. मग म्हणाले, “मौज अशी की भरलेली असली म्हणजे लवकर बंद पडते.” मिस्त्रीने मान हलविली आणि टाकी काठोकाठ भरावयास सांगितली.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. ठिणगी चुकत असेल तर इंजिन बहुधा एखादा ठोका गाळीत राहते. पेट्रोल कमी पडत असेल तर भार वाढला की, म्हणजे चढणीवर, ते हळूहळू दम सोडते. एवढे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी मी नुसता मागे बसून पाहत होतो. चढण आली, आचके सुरू झाले, गाडी थांबली. मिस्त्री खाली उडी मारून मागे धावला आणि त्याने टाकीचे झाकण फिरविले. ‘सूंऽऽ’ असा आवाज करीत हवा आत शिरली. गाडी त्याच क्षणी सुरू झाली. पंधरा मिनिटे थांबावे लागले नाही.

“हिका वारो मेळना मरे!” तो हसून म्हणाला.

पेट्रोल जसजसे खर्च होते तसतशी टाकीत जागा रिकामी होते, आणि ती भरण्यासाठी बाहेरची हवा आत यावी लागते. त्या जुन्या मोटारीच्या झाकणात त्यासाठीच एक बारीक छिद्र होते. ते बुजले तर आतली हवा विरळ होत जाते आणि पंपाला पेट्रोल ओढवेनासे होते. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम आपण शाळेत शिकतोच. वाफेचा हिशेब सोडला तर, टाकीत दोन लिटरच हवा असताना अर्धा लिटर पेट्रोल खर्च झाले की हवेचा दाब पंचमांशाने उतरतो. पंधरा लिटर हवा असताना तेवढ्याच खर्चाने तो जेमतेम एकतिसाव्या हिश्शाने उतरतो. भरल्या टाकीचे कोडे हे असे होते. गाडी थांबली की फटीफटींतून हवा हळूहळू आत झिरपे, म्हणून ती पुन्हा चालू लागे.

घरी आल्यावर मिस्त्रीने आजीकडून केसांतला आकडा मागून घेतला आणि झाकण उलटे करून छिद्र कोरू लागला. (१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ या बाई दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेल्या, तेव्हा वाटेत तुंबलेली पेट्रोलची नळी त्यांनी टोपीच्या पिनेनेच मोकळी केली होती, हे मी पुढे वाचले.) विजेरी माझ्या हातात होती. आकड्याबरोबर काळ्या रबराचा एक गोल तुकडा बाहेर आला, आणि माझे हात थरथरू लागले.

तो तुकडा सायकलच्या ट्यूबचा होता, आणि मीच तो कापला होता. जुलैत टाकीत पावसाचे पाणी गेले म्हणून वडील कुरकुरत होते. त्यांना न सांगता मी सोल्यूशन लावून ते ‘भोक’ बंद केले होते. पुढे ते मी विसरूनही गेलो होतो.

मिस्त्रीने माझ्या तोंडाकडे पाहिले, तुकडा खिशात टाकला आणि वडिलांना म्हणाला, “छिद्र बुजले होते, भाऊ. पावसाळ्यात घाण बसते.” त्या दिवसाची मजुरीही त्याने घेतली नाही.

गुरुवार मी कसाबसा काढला. शाळेला चतुर्थीची सुटी होती, म्हणून शुक्रवारी पहाटे मी नारळांच्या आणि तवशांच्या मधोमध बसून निघालो. चढण आली नि गेली. मोटार हूं की चूं करीना. कोलवाळच्या पुलावर मला राहवेना. मी सारे सांगून टाकले. आजीने मागे वळून पाहिले. वडील म्हापसा येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

बाजार उत्तम झाला. परतताना त्यांनी मोटार मिस्त्रीच्या गॅरेजपाशी थांबविली आणि न विकता राखून ठेवलेले एक मोठे तोरिंजन माझ्या हाती दिले. “मी त्याला लबाड म्हटले,” ते म्हणाले, “त्याचे मी पाहीन. तुझे तू सांग.”

मी आत जाऊन अडखळत सांगितले. मिस्त्रीने तोरिंजन हुंगून बाजूला ठेवले आणि विचारले, “सोल्यूशन कुठले लावले होतेस रे? भलतेच घट्ट धरले होते.”