सहा गाड्यांची शर्यत

फॉर्म्युला वनच्या नोंदीत नारायण कार्तिकेयन या नावापुढे कारकिर्दीतील एकूण गुण लिहिलेले आहेत : ५. हे पाचही गुण त्याला एकाच दिवशी मिळाले. तारीख १९ जून २००५, स्थळ अमेरिकेतील इंडियानापोलिस, क्रमांक चौथा. त्याच्यापूर्वी वा त्याच्यानंतर कोणत्याही भारतीय चालकाला या स्पर्धेत एकही गुण मिळवता आलेला नाही. आणि ज्या दुपारी हे घडले, त्याच दुपारी एक लाखाहून अधिक प्रेक्षक त्या शर्यतीची हुर्यो उडवत होते. काहींनी तर बाटल्या थेट धावपट्टीवर भिरकावल्या.

आजचा धागा त्या दुपारीविषयी आहे, आणि तिकीट काढून शर्यत पाहायला जाणाऱ्या माणसाविषयीही. जरा लांबेल. सवडीने वाचावा.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. फॉर्म्युला वन ही उघड्या चाकांच्या मोटारींची शर्यत. चाकांवर कसलेही आवरण नसते आणि चालक एका अरुंद खोबणीत जवळजवळ आडवा बसलेला असतो. २००५ साली नियम असा होता की पात्रता फेरी आणि मुख्य शर्यत, दोन्ही टायरच्या एकाच संचावर पूर्ण करायच्या. दहापैकी सात संघ फ्रान्सच्या मिशेलिनचे टायर वापरत. फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी हे तीन संघ जपानच्या ब्रिजस्टोनचे.

इंडियानापोलिसचे मैदान मुळात अंडाकृती. फॉर्म्युला वनसाठी त्याच्या आतल्या भागात नागमोडी रस्ता आखला होता, पण अंडाकृतीचे एक वळण तसेच वापरले जाई. हे तेरावे वळण आतल्या बाजूला कललेले असल्यामुळे गाडी तेथे पूर्ण वेगात जाते आणि तिच्या डाव्या मागच्या टायरवर विलक्षण भार पडतो. त्यातच धावपट्टीचा पृष्ठभाग नुकताच घासून खरखरीत केलेला होता. ब्रिजस्टोनचीच अमेरिकन शाखा, फायरस्टोन, त्या वर्षी याच मैदानावर इंडी ५०० शर्यतीला टायर पुरवत होती. मिशेलिनकडे तसा अनुभव नव्हता.

शुक्रवारच्या सरावात टोयोटाच्या राल्फ शूमाखरचा टायर त्या वळणावर फुटला आणि गाडी भिंतीवर आदळली. तपासणीअंती मिशेलिनने आपल्या संघांना लेखी कळवले, की तेराव्या वळणाचा वेग कमी केल्याखेरीज हे टायर संपूर्ण शर्यतभर टिकतील याची हमी देता येणार नाही.

मग बैठकांचे सत्र सुरू झाले. वळणाआधी तात्पुरता अडथळा उभारून वेग कमी करावा, असा प्रस्ताव पुढे आला. फेरारी वगळता बाकी संघ त्याला राजी होते. मॅक्स मोझली यांच्या अध्यक्षतेखालील एफआयए या नियामक संस्थेने मात्र तो फेटाळला. तिचे म्हणणे असे, की योग्य टायर घेऊन आलेल्या संघांना ही शिक्षा का? आणि कधीही न तपासलेल्या धावपट्टीवर अपघात झाला, तर उत्तरदायी कोण? मिशेलिनच्या गाड्यांनी त्या वळणावर हळू जावे, किंवा दर फेरीला पिटमधून जावे, असे पर्याय तिने सुचवले. संघांना ते मान्य होणे शक्यच नव्हते.

माझ्या मते दोन्ही बाजूंच्या युक्तिवादात तथ्य होते. फुटू शकणाऱ्या टायरवर चालकाला पाठवणे हा गुन्हा ठरला असता, आणि ऐन वेळी मैदान बदलणे हा अन्याय. पण त्या बैठकांत टायर कंपनी होती, संघ होते, नियामक होते, व्यापारी हक्कांचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टोन होते. बाहेरच्या लाखभर लोकांच्या वतीने बोलणारे तेथे कोणीही नव्हते. त्यांना काय घडणार आहे हे कळले ते प्रत्यक्ष धावपट्टीवर.

वीस गाड्या सुरुवातीच्या संथ फेरीसाठी निघाल्या. यार्नो त्रुल्ली सर्वांत पुढे होता. टोयोटाला पहिल्यांदाच अग्रस्थान मिळाले होते. फेरी संपत आली आणि मिशेलिनच्या चौदा गाड्या एकामागून एक पिटमध्ये वळल्या. आरंभरेषेवर उरल्या सहा. शर्यत ७३ फेऱ्यांची होती आणि त्या सहाही गाड्यांनी ती पूर्ण केली. मायकेल शूमाखर पहिला, रुबेन्स बारिचेलो दुसरा, जॉर्डनचा तियागो मोंतेइरो तिसरा, त्याचाच सहकारी कार्तिकेयन चौथा. मागे मिनार्डीचे दोघे. फेरारीला त्या संपूर्ण वर्षात मिळालेला हा एकमेव विजय. पारितोषिकाच्या चौथऱ्यावर फेरारीच्या दोघांनी जल्लोष टाळला. मोंतेइरोने मात्र मनसोक्त आनंद साजरा केला आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देऊ नये. त्या चौथऱ्यावर चढलेला तो पहिला पोर्तुगीज चालक होता.

सांगलीत तेव्हा मध्यरात्रीचा सुमार होता. मी दहावीत होतो आणि आजोबांना झोप लागत नसल्यामुळे आम्ही दोघेच दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो. आजोबांना या खेळातले काहीही कळत नसे. पिवळ्या गाडीत आपला मुलगा बसला आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. गाड्या वळून गेल्यावर त्यांनी विचारले, ‘‘बाकीच्या कुठं गेल्या रे?’’ मी सांगितले, की परत फिरल्या. ते म्हणाले, ‘‘आणि लोकांचे पैसे?’’ पुढे कितीतरी विश्लेषणे वाचली, पण मुद्द्याला इतका नेमका हात घातलेला वाक्प्रयोग क्वचितच आढळला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी चौथ्या क्रमांकाची वार्ता अभिमानाने सांगितली. सहा गाड्यांचा तपशील कोणी विचारला नाही. विचारला असता, तरी मी तोच अभिमान बाळगला असता. मिनार्डीच्या दोन गाड्या मागे ठेवून शेवटपर्यंत गाडी निर्दोष चालवणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने केले. उरलेल्या चौदांना त्याने परत पाठवले नव्हते.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर असे : मिशेलिनने नंतर प्रेक्षकांच्या तिकिटांचे पैसे परत करण्याचे जाहीर केले आणि पुढच्या वर्षासाठी वीस हजार तिकिटे विकत घेऊन ती वाटण्याचेही मान्य केले. खेळांच्या इतिहासात अशी भरपाई दुर्मीळ. तरीही तुटलेले मन सांधले गेले नाही. २००७ नंतर फॉर्म्युला वन इंडियानापोलिसला परतली नाही. अमेरिकेत ती पुन्हा आली २०१२ साली, टेक्सासमधील ऑस्टिन येथे.

इंडियानापोलिसच्या प्रेक्षकाला असा अनुभव नवाही नव्हता. तेथील मालक टोनी जॉर्ज यांनी १९९६ मध्ये स्वतःची वेगळी स्पर्धामालिका काढली आणि इंडी ५०० च्या ३३ जागांपैकी २५ जागा तिच्या चालकांसाठी राखून ठेवल्या. कार्ट या जुन्या मालिकेतील संघांनी त्याच दिवशी मिशिगनमध्ये समांतर शर्यत भरवली. नामांकित चालक एकीकडे, नामांकित मैदान दुसरीकडे. ही भाऊबंदकी मिटायला २००८ साल उजाडले, आणि तोवर प्रेक्षकांची एक पिढी दुसरीकडे निघून गेली होती.

‘पूर्वी असे नव्हते’ असे जुने चाहते म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. पूर्वी प्रेक्षक धावपट्टीच्या अगदी जवळ असे, हे खरे. पण त्या जवळिकीची किंमतही पाहिली पाहिजे. मे १९०३ मधील पॅरिस–माद्रिद शर्यतीत रस्त्याच्या दुतर्फा अफाट गर्दी उभी होती. चालक आणि प्रेक्षक यांचे इतके बळी गेले, की फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. मृतांत रेनो कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, मार्सेल रेनो, हेही होते. सप्टेंबर १९६१ मध्ये मोंझा येथे वोल्फगांग फॉन ट्रिप्सची गाडी प्रेक्षकांवर जाऊन आदळली. तो स्वतः आणि पंधरा प्रेक्षक मृत्युमुखी पडले. आज आपल्या आणि गाडीच्या मध्ये जी जाळी, जी भिंत आणि जे रुंद मोकळे मैदान असते, त्यामागे असे दिवस आहेत.

‘इतके पैसे मोजून गाडी क्षणभरच दिसते’ ही तक्रारही वाटते तितकी आधुनिक नाही. जर्मनीतील जुने न्यूरबुर्गरिंग सुमारे २२.८ किलोमीटर लांबीचे होते. १९७६ साली तेथे शेवटची फॉर्म्युला वन शर्यत झाली, ती अवघ्या चौदा फेऱ्यांची. म्हणजे झाडाखाली उभ्या असलेल्या प्रेक्षकाला आघाडीची गाडी उभ्या दुपारी चौदा वेळा दिसली असेल.

मग आजच्या चाहत्याचे दुःख नेमके कोणते? मला वाटते, ते अंतराचे नाही. आपल्यासमोर जे चालले आहे ती खरोखर शर्यत आहे का, ही शंका त्याला छळते. मे २००२ मध्ये ऑस्ट्रियात बारिचेलो सर्वार्थाने जिंकत आला होता. संघाचा आदेश आला आणि त्याने अंतिम रेषेच्या काही मीटर आधी वेग कमी करून शूमाखरला पुढे जाऊ दिले. प्रेक्षकांनी इतकी हुर्यो उडवली, की शूमाखरने बारिचेलोला चौथऱ्याच्या सर्वोच्च पायरीवर उभे केले. दहा लाख डॉलरचा दंड झाला, तो या पायऱ्यांच्या अदलाबदलीसाठी. खुद्द आदेश देणे तेव्हा नियमबाह्य नव्हते.

ऑगस्ट २०२१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे तर कळसच झाला. दिवसभर पाऊस. दुपारी तीनची शर्यत. लोक चिखलात, छत्र्यांखाली तासन्‌तास उभे. संध्याकाळी सहानंतर गाड्या सेफ्टी कारच्या मागोमाग ओळीने दोन-तीन फेऱ्या फिरल्या आणि परतल्या. एकाही गाडीने दुसरीला मागे टाकले नाही, टाकण्याची परवानगीच नव्हती. तरीही नियमानुसार निकाल लागला आणि अर्धे गुण वाटले गेले. पहिल्याच फेरीअखेरचा क्रम अंतिम धरला गेल्यामुळे अधिकृत अंतर भरले सात किलोमीटरहून कमी. त्या पावसात गाड्या सोडायला नको होत्या, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण गुण वाटण्यासाठी फेऱ्या मोजायच्या आणि पैसे परत करायची वेळ आली की ‘शर्यत झाली’ म्हणायचे, हे उघड्या डोळ्यांना दिसते. २०२२ पासून नियम बदलला : सेफ्टी कारविना किमान दोन फेऱ्या झाल्याखेरीज गुण नाहीत.

मोनॅकोविषयी एवढेच सांगतो, की २०२४ साली तेथे पहिले दहा चालक ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पोहोचले. असे पूर्वी कधीच घडले नव्हते. रस्ते तेच, पण गाडी वाढत गेली. २००५ मध्ये चालकासह किमान वजन ६०० किलोंच्या आसपास होते, २०२२ मध्ये ते ७९८ किलो झाले. लास व्हेगासला नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिला सराव दहा मिनिटांच्या आतच थांबला, कारण रस्त्यातील एका झाकणाने कार्लोस साइंझच्या फेरारीचा तळ फोडला. दुसरा सराव पहाटे अडीचला सुरू झाला, तो प्रेक्षकांना बाहेर काढून. फक्त त्या दिवसाचे तिकीट असलेल्यांना स्मरणवस्तूंच्या दुकानासाठी दोनशे डॉलरची सवलत देऊ केली गेली.

यामागचे अर्थकारण समजून घ्या. शर्यत भरवणारा स्थानिक आयोजक हक्कधारकांना मोठे यजमानशुल्क देतो. प्रक्षेपणाचे आणि धावपट्टीलगतच्या जाहिरातींचे उत्पन्न बहुतांशी हक्कधारकांकडेच जाते. आयोजकाच्या हाती प्रामुख्याने तिकीट उरते. म्हणून तिकीट महागते, आणि ज्याचा पैसा सर्वांत थेट येतो त्याचा शब्द मात्र सर्वांत शेवटी विचारला जातो.

आपल्याकडे ही शर्यत तीनदा झाली, २०११ ते २०१३, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर. पहिल्या वर्षी सरावात धावपट्टीवर भटके कुत्रे आले आणि जगभर त्याचेच चित्र झळकले. ती शर्यत कार्तिकेयनने हिस्पानिया संघाकडून पूर्ण केली. दरम्यान त्याच्या जुन्या जॉर्डन संघाचे मिडलँड, मग स्पायकर आणि २००८ पासून फोर्स इंडिया असे नामांतर झाले होते. पिवळ्या गाडीचा हा वंशवृक्ष फार थोड्यांच्या लक्षात राहतो.

मी गेलो २०१३ साली, आतेभावासोबत, पुण्याहून रेल्वेने. सर्वांत स्वस्त स्टँड. गाडी दृष्टिपथात येऊन नाहीशी होईपर्यंत सुमारे पाच सेकंद. ६० फेऱ्या, म्हणजे आघाडीच्या गाडीचे पाच मिनिटांचे दर्शन. पण तो आवाज! २.४ लिटरची व्ही-८ इंजिने मिनिटाला १८ हजार फेरे घेत, आणि गाडी दिसण्याआधी ती छातीत ऐकू येई. पुढच्या वर्षी १.६ लिटरची संकरित इंजिने आली आणि तो आवाज स्पर्धेतून कायमचा गेला. रोमँ ग्रोझाँ सतराव्या स्थानावरून तिसरा आला. त्याने एकेकाला गाठले, ते आम्ही पाहिले. तिकिटाचे पैसे माझ्या लेखी तेथेच वसूल झाले.

शर्यत मात्र पुन्हा झाली नाही. हा खेळ की करमणूक, कर कोणी किती भरायचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये आणखी एका प्रकरणात निर्णय दिला, की फॉर्म्युला वनच्या हक्कधारक कंपनीची भारतात स्थायी आस्थापना होती आणि म्हणून तिचे उत्पन्न येथे करपात्र ठरते. तोवर स्टँड कधीचे रिकामे झाले होते.

त्या दिवशी सेबास्टियन फेटेलने सलग चौथे विश्वविजेतेपद निश्चित केले. विजेत्याने गाडी ठरावीक जागी नेऊन लावायची असते. त्याने ती मुख्य प्रेक्षागारासमोर गोलगोल फिरवली, धुराचे लोट उठवले, उतरून गाडीला गुडघे टेकून वंदन केले आणि हातमोजे प्रेक्षकांत भिरकावले. आमच्या स्टँडवरून यातले काहीच दिसत नव्हते. समोरच्या मोठ्या पडद्यावर पाहून आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो. संध्याकाळी पंचांनी गाडी नियत जागी न नेल्याबद्दल फेटेलला ताकीद दिली आणि त्याच्या संघाला २५ हजार युरोंचा दंड ठोठावला.